माफीचा साक्षीदार

आपल्याकडील न्यायालयीन व्यवहारात ‘माफीचा साक्षीदार’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. साथीदारांविरुद्ध साक्ष द्यावयाची आणि त्या मोबदल्यात स्वतःची सुटका करून घ्यावयाची, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकन चित्रपट-अभिनेता स्टर्लिंग हेडन (१९१६-१९८६) याच्या आयुष्याचा विचार करताना हा शब्द पुन्हा पुन्हा आठवतो. हेडनला माफी मिळाली होती, पण तिच्यासह सुखाने जगणे त्याला कधीच जमले नाही.

हेडन मुळात दर्यावर्दी. शाळा अर्धवट टाकून तो जहाजांवर गेला. १९४१ मध्ये पॅरामाउंटने त्याला पडद्यावर आणले ते त्याच्या देखणेपणासाठी आणि साडेसहा फुटांच्या जवळ जाणाऱ्या उंचीसाठी, अभिनयासाठी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इटलीहून एड्रियाटिक समुद्र ओलांडून टिटोच्या लढवय्यांना रसद पोहोचविण्याचे काम त्याने केले आणि ‘सिल्व्हर स्टार’ हे शौर्यपदक मिळविले. नाझींशी झुंजणारे हे कम्युनिस्ट त्याला भावले. १९४६ मध्ये तो स्वतः अमेरिकन कम्युनिस्ट पक्षात गेला आणि काही महिन्यांतच बाहेरही पडला.

एप्रिल १९५१ मध्ये ‘अमेरिकाविरोधी कारवायां’ची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीपुढे तो उभा राहिला आणि त्याने सहकाऱ्यांची नावे सांगितली. ही समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तिला ही नावे बहुधा आधीच ठाऊक असत. हवी असे ती माहिती नव्हे, तर शरणागती. नकार देणाऱ्याला स्टुडिओंचे दरवाजे बंद होत. हेडनने घेतलेल्या नावांत केरन मोर्ली ही अभिनेत्री होती. ‘स्कारफेस’ (१९३२) आणि ‘अवर डेली ब्रेड’ (१९३४) या चित्रपटांतून तिने नाव कमावले होते. १९५२ मध्ये तिने समितीला उत्तरे देण्याचे नाकारले. तिची चित्रपट-कारकीर्द तेथेच संपली. हेडनची चालू राहिली.

‘जॉनी गिटार’ (१९५४) या चित्रपटात एका जखमी पोराला जमाव घेरतो. नायिकेचे नाव घे म्हणजे जीव वाचेल, असे त्याला सांगितले जाते. तो नाव घेतो, आणि तरीही फासावर जातो. नायिकेच्या गळ्यातला दोर कापून तिला सोडविणारा नायक आहे हेडन! प्रत्यक्षात जे त्याच्या हातून घडले नाही, ते पडद्यावर त्याला करावे लागले. दहा वर्षांनी कुब्रिकच्या ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’मध्ये (१९६४) त्याने कम्युनिस्टद्वेषाने वेडा झालेला जनरल उभा केला. हा जनरल हास्यास्पद आहे, पण हेडन त्याला एकदाही हसत नाही. त्यामुळेच ती भूमिका अंगावर येते. या माणसाला त्या भयाची ओळख बाहेरून झालेली नव्हती.

१९६३ मध्ये ‘वाँडरर’ हे त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात त्याने आपल्या साक्षीबद्दल निःसंदिग्ध तिरस्कार व्यक्त केला आणि स्वतःला खबऱ्या ठरविले. येथे एक आक्षेप संभवतो. तोवर काळ्या यादीची धार बोथट झाली होती. १९६० मध्येच डाल्टन ट्रम्बोचे नाव पटकथाकार म्हणून पुन्हा पडद्यावर झळकले होते. मग अशा पश्चात्तापाला किंमत ती काय? शिवाय पश्चात्तापाचेही एक नाट्य असते, आणि हेडन तर नटच.

आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. एलिया कझान हा हेडनहून कितीतरी मोठा कलावंत. १९५२ मध्ये त्यानेही नावे सांगितली, आणि ‘ऑन द वॉटरफ्रंट’मध्ये (१९५४) साक्ष देणाऱ्यालाच नायक केले. १९९९ मध्ये त्याला गौरवाचे ऑस्कर देण्यात आले तेव्हा सभागृहातील काही जण टाळ्या न वाजविता बसून राहिले. कझानपाशी कृत्याचे समर्थन होते, हेडनपाशी नव्हते. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार वर्गात शिकविताना आम्ही ‘प्रांजळपणा’ हा शब्द फार सैलपणे वापरतो. स्वतःच्या दोषांची यादी देणे म्हणजे प्रांजळपणा नव्हे. आपल्या कृत्याला त्याच्या खऱ्या नावाने संबोधणे आणि त्या नावाला सौम्य पर्याय न शोधणे, हा प्रांजळपणा. या कसोटीवर हेडन उतरतो, असे माझे मत आहे.

मात्र येथेच थांबणेही बरोबर नाही. पश्चात्तापदग्ध नायक आपल्याला मनापासून आवडतो. त्याच्या यातनांवर आपण लिहितो, आणि ज्यांची नावे घेतली गेली त्यांना तळटीपेत ढकलतो. केरन मोर्ली २००३ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी वारली. हेडनच्या कबुलीने तिला गेलेल्या भूमिका परत मिळाल्या नाहीत. समितीने हेडनला दिलेली माफी मुळात समितीची नव्हतीच. ती द्यायची की नाही, हे मोर्लीसारख्यांनी ठरवायचे होते. हेडनला हे कळले होते, म्हणूनच त्याने स्वतःला माफ केले नाही. त्याचे पुस्तक वाचून हेलावलेल्या आपल्यासारख्या वाचकांनीही ती घाई करू नये.