छोटंसं ऑपरेशन

हे सगळं डाव्या हाताच्या एका बोटाने टंकते आहे, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. (फोनशी बोलून टाइप करता येतं हे लेकाने शिकवलं होतं. पण 'खांदा'चा तिसऱ्यांदा 'कांदा' झाल्यावर मी तो नाद सोडला.)

आज पस्तिसावा दिवस. जिन्यात पाय घसरला, कठडा धरला, मी वाचले आणि खांदा गेला. उजवा. खांदा फिरवणारे चार स्नायू असतात, त्यांतल्या सगळ्यात वरच्याची दोरी हाडापासून सुटली होती. ती दुर्बिणीतून पुन्हा हाडाला शिवली. "छोटंसं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी," असं डॉक्टर म्हणाले. विम्याच्या खिडकीवरची मुलगी तेच म्हणाली. आणि मग सगळे नातेवाईकही.

डॉक्टरांच्या हाताबद्दल माझी काडीची तक्रार नाही. माझं भांडण त्या 'छोटंसं'शी आहे.

छोटी असतात ती भोकं. पाऊण-एक सेंटीमीटरची, चार. आत जे शिवलं आहे ते हाडाला नीट धरायला साधारण बारा आठवडे घेतं, मग भोक केवढंही असो. सहा आठवडे हात पट्ट्यात. तोवर स्वतःच्या ताकदीने हात वर न्यायचा नाही, दुसऱ्याने न्यायचा. नंतर हळूहळू आपला आपण. ताकदीचे व्यायाम तिसऱ्या महिन्यानंतर. खांदा पुरता आपला वाटायला सहा महिने, कधी वर्षसुद्धा. हे मला कधी कळलं? ऑपरेशननंतर आठव्या दिवशी, फिजिओथेरपिस्ट मुलीकडून. हॉस्पिटलच्या कागदावर सहा गोळ्यांची नावं वेळांसकट होती आणि तळाला एक ओळ, 'फिजिओ सांगितल्याप्रमाणे'. कुणी सांगितल्याप्रमाणे?

पहिली रात्र तर विचारूच नका. मानेत दिलेल्या इंजेक्शनने हात बधिर होता, त्यामुळे संध्याकाळी मी भेटायला आलेल्यांना हसून "काहीच दुखत नाही हो" सांगत होते. पहाटे तीनला तो बधिरपणा उतरला. बधिरपणा जायच्या आधीच गोळी घ्यायची असते, हे एक वाक्य कुणीतरी बोललं असतं तर!

आणि रोजचं? आडवं झोपता येत नाही, लोड-उश्या रचून आरामखुर्चीत झोपायचं. सलवारची नाडी एका हाताने बांधून दाखवा. पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि तेवढ्यात काखेत साबण लावायचा. नवरा कुकर लावायला शिकला आहे, वरणाला फोडणीही देतो. पण "पोळ्यांचं काय?" हा प्रश्न अजूनही माझ्याकडेच बघून विचारला जातो. भेटायला येणारे "आता पूर्ण आराम कर हं" म्हणतात आणि चहाची वाट बघत बसतात. सासूबाईंना वाटतं तिळाच्या तेलाने चोळलं की मोकळा होईल. शेजारच्या काकू म्हणतात, वापरत राहा नाहीतर धरेल. दोघींचं प्रेम खरं आहे, पण या घडीला दोघींचं ऐकलं तर टाके तुटतील. यात त्यांचा काय दोष? ज्यांनी घरच्यांना समोर बसवून दहा मिनिटं सांगायला हवं होतं, त्यांनी 'छोटंसं' म्हणून ती दहा मिनिटं वाचवली.

विम्याचंही तसंच. माझ्या पॉलिसीत घरी आल्यानंतरचा खर्च ६० दिवसांपर्यंत मिळतो. २०२० साली विमा नियामकाने आणलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही मुदत तेवढीच आहे. आता हिशेब करा. ताकदीचे व्यायाम सुरू होणार चौऱ्याऐंशीव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप, ते सुरू व्हायच्या आधीच विम्याने हात वर केलेले. (त्याला तरी करता येतात!) फिजिओ मुलगी एका वेळेचे सहाशे घेते. मला परवडतं. ज्यांना परवडत नाही ते दोन महिन्यांनी थांबवतात, आणि मग अर्धवट वर जाणाऱ्या हाताकडे बघून लोक म्हणतात, ऑपरेशन फसलं.

माझं मागणं फार नाही. ऑपरेशनच्या आधी फिजिओथेरपिस्टची एक भेट, घरच्यांसकट. मराठीत एक पानभर लिहिलेलं, कुठल्या आठवड्यात काय करायचं आणि काय नाही. आणि व्यायामाचा खर्च विम्याने दिवस मोजून नाही, दुखणं बघून द्यावा.

हे सगळं मी मागच्या आठवड्यात तावातावाने मावशींना ऐकवत होते. त्या आमच्याकडे धुणंभांडी करतात आणि सध्या माझी वेणीही घालतात. ऐकता ऐकता त्यांनी फणी डाव्या हातात घेतली. विचारलं तर म्हणाल्या, उजवा वरच जात नाही, दिवाळीपासून. चादरी पिळताना कळ आली होती.

मी गप्पच झाले. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या सत्तर टक्के मिळतात. घरकाम करणाऱ्या बाईला ईएसआय कुठून लागू व्हायला? एखाद्या सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट झालंच, तरी पुढचे सहा आठवडे पट्टा लावून पाच घरची भांडी कशी घासायची? आणि त्या पाच घरांतलं एक आमचं.

काल फिजिओ आली तेव्हा मावशींना ओढून तिच्यासमोर बसवलं. तिने हात फिरवून बघितला आणि सोनोग्राफी करून घ्या म्हणाली. मावशी म्हणाल्या, "बघू ताई, तुमचा हात चालता झाला की." मी म्हटलं, सोमवारी जाऊ, मलाही टॅक्सीत सोबत हवीच आहे. ऑपरेशन निघालं तर सहा आठवड्यांचा पगार आमच्या घरचा तरी चालू राहील, हे नवऱ्याशी बोलून झालंय. उरलेल्या चार घरांशी बोलायचं आहे. त्यातल्या एका बाईंना आज फोन केला, तर त्या म्हणाल्या, "हो का? पण छोटंसंच असतं ना ते?"