बाईंचा छंद कोणता?

किशोरी शिबिरांच्या निमित्ताने माझे माध्यमिक शाळांत जाणे होते. परवा एका शिक्षककक्षात सहज विचारले, तुमचे छंद कोणते? गणिताचे सर दर रविवारी गड चढतात. दुसरे सर भजनी मंडळात पखवाज वाजवतात. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. 'वाचन,' एक म्हणाली. शेवटचे पुस्तक कोणते, ते तिला आठवेना. मग मुख्याध्यापकच म्हणाले, 'आमच्या बाईंना रांगोळीचा फार छंद!'

पाहुणे येणार म्हटले की रांगोळी, स्वागतगीत, औक्षण सारे बाईंकडे. हा छंद? ही तर बिनपगारी नोकरी!

२०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे गेली, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. सरांचा रविवार येतो कुठून, ते इथे दिसते. त्यांची पत्नीही शिक्षिकाच आहे. तिच्या रविवारी आठवड्याचे कपडे आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. सर स्वभावाने चांगले आहेत हो, पण मुद्दा तो नाहीच. आपण समान वेतन मागितले, पाळणाघरे मागितली. रविवार मागायला का लाजतो?

निघताना रांगोळीवाल्या बाई हळूच म्हणाल्या, 'मला पोहायला आवडायचं.' तरणतलाव त्यांच्या घरापासून दोन चौकांवर आहे.