‘फॉर लूप’च्या पुढं काय?

पायथन ‘केलेली’ मुलं आपल्याकडं आता भरपूर भेटतात. धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा. कुणी क्लास लावलेला असतो, कुणी यूट्यूबवर बघितलेलं असतं, कुणाकडं तर सर्टिफिकेटही असतं. ‘बरं, मग त्यात बनवलंस काय?’ असं विचारलं की मात्र विषय बदलतो. व्हेरिएबल, इफ-एल्स, फॉर लूप, चांदण्यांचा त्रिकोण आणि खलास. मग परीक्षा, मग सुट्टी, मग नव्या क्लासात पुन्हा व्हेरिएबलपासून श्रीगणेशा. ‘बेसिक टू ॲडव्हान्स’ अशी पाटी बघून पैसे भरायचे आणि बेसिकच तीनदा करायचं, असा हा प्रकार आहे.

यात दोष पोरांच्या डोक्याचा नाही. पुस्तकातली उदाहरणं पिझ्झाच्या ऑर्डरची आणि विमानाच्या तिकिटाची असतात. उत्तर चुकलं काय, बरोबर आलं काय, आपलं काही अडत नाही. म्हणून एक आपलं उदाहरण घेऊ. पीकविमा.

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उंबरठा उत्पादन काढतात. मागच्या 7 वर्षांतल्या सगळ्यांत चांगल्या 5 वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. मग उंबरठ्यातून यंदाचं उत्पादन वजा करायचं, उंबरठ्यानं भागायचं, विमा संरक्षित रकमेनं गुणायचं. ही झाली भरपाई. आता सोयाबीनचे हेक्टरी किलोचे मानलेले आकडे घ्या: 1100, 600, 1250, 900, 450, 1300, 950. ही झाली लिस्ट. ती सॉर्ट केली, शेवटचे 5 घेतले, सरासरी आली 1100. जोखीमस्तर 70 टक्के धरला तर उंबरठा 770. यंदा 616 किलो निघालं, तर तूट 20 टक्के. रक्कम 50 हजार असेल तर भरपाई 10 हजार.

आता यंदाचं उत्पादन 847 टाकून बघा. प्रोग्राम सांगतो, भरपाई उणे 5 हजार! म्हणजे पीक बरं आलं म्हणून शेतकऱ्यानंच कंपनीला पैसे द्यायचे. इफ कशासाठी असतं, हे इथं जितकं पक्कं कळतं तितकं चांदण्यांच्या त्रिकोणात कधीच कळत नाही. एआयकडून कोड लिहून घेतला तरी हा 847 टाकून बघायला माणूस लागतो, आणि विमा कसा चालतो हे त्याला माहीत असावं लागतं.

‘ॲडव्हान्स’ची वाट इथूनच सुरू होते. एका गावाचं जमलं की आठही तालुक्यांतल्या महसूल मंडळांचं करा. तेच गणित परत परत लिहायचा कंटाळा येईल, तेव्हा फंक्शन लागेल. मंडळाच्या नावावरून आकडे शोधायचे म्हणजे डिक्शनरी आली. आकडे फाइलमधून येणार, त्यात एखादी जागा रिकामी असणार, प्रोग्राम तिथं आपटणार, म्हणून एक्सेप्शन. 847 ची चूक पुन्हा शिरू नये म्हणून टेस्ट. अनेक वर्षांच्या रोजच्या पावसाची फाइल उघडली आणि जुना कॉम्प्युटर गुदमरला, की एकेक ओळ वाचणारा जनरेटर आठवतो. डेकोरेटर, मेटाक्लास वगैरे नावांना घाबरायचं कारण नाही. त्यातलं बरंचसं गरज पडेपर्यंत शिकलं नाही तरी चालतं. (मेटाक्लास तर अनेक चांगल्या प्रोग्रामरांनी कधी लिहिलेलाही नसतो.)

इंग्रजीची भीती मात्र खरी आहे, ती हसण्यावारी नेऊ नये. पण पायथन 3 मध्ये व्हेरिएबलचं नाव ‘उत्पादन’ असं देवनागरीत ठेवता येतं. इफ, फॉर असे मूळचे शब्द तेवढे इंग्रजीतच राहतात. ‘१२३’ हा मराठी आकड्यांचा मजकूर इंट फंक्शनला दिला तर त्याचा नीट पूर्णांक होतो. आणि गंमत बघा, ‘धाराशिव’ची लांबी लेन फंक्शनला विचारली तर उत्तर येतं 7. आपण अक्षरं मोजतो 4. पायथन काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. मराठीवर काम करणाऱ्या प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी भेटणारा हा खरा प्रश्न आहे, आणि तो अमेरिकेतल्या पोरापेक्षा तुम्हाला लवकर कळेल. शिवाय आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहेच. छोटे व्हिडिओ, शेजारी प्रोग्राम उघडून बरोबरीनं करत जायचं, पैसे शून्य, आणि बरेच विषय मराठी आवाजात.

एक सावधगिरी. झेरॉक्सच्या दुकानातल्या जुन्या नोट्समध्ये प्रिंटच्या पुढं कंस नसेल तर त्या पायथन 2 च्या आहेत. त्या आवृत्तीचा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. त्या नोट्स ठेवून द्या. 1989 च्या नाताळच्या सुट्टीत गिडो व्हान रॉसम यांनी छंद म्हणून सुरू केलेली ही भाषा तेव्हापासून खूप बदललीय. (नाव सापावरून नाही, मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आलंय.)

राहिला प्रश्न लॅपटॉपचा. गूगल कोलॅब मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवात त्यावर होते. पण 200 ओळींचा प्रोग्राम 6 इंची पडद्यावर लिहिणं म्हणजे डोळ्यांची शिक्षा आहे, आणि घरी लॅपटॉप नसलेला मुलगा ‘बेसिक’वर अडकतो तो बऱ्याचदा इथंच. कॉम्प्युटर लॅब तर कॉलेजात असते, फक्त तासिका संपली की तिला कुलूप लागतं. ती आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायची, बीए-बीकॉमच्या मुलांनाही बसू द्यायचं, देखरेखीला शेवटच्या वर्षाचे दोघं पुरे. विद्यार्थ्यांनी हा अर्ज प्राचार्यांकडं याच महिन्यात द्यावा. सोबत सह्यांची यादी आणि चालणारा एक प्रोग्राम जोडला तर नाही म्हणणं त्यांनाही जड जाईल.