विश्लेषण : रविवारी लोहगडावर कोंडी का होते?

पावसाने जोर धरला की मुंबई-पुण्यातल्या माणसांचे पाय सह्याद्रीकडे वळतात. लोकलने मळवलीला उतरायचे, भाजे गावातून चढायला लागायचे, ढगांत शिरायचे आणि संध्याकाळी घरी. एवढ्या स्वस्तात शहरातून सुटका क्वचितच मिळते. मात्र ज्या गर्दीला कंटाळून माणसे निघतात, ती गर्दीही त्याच लोकलमध्ये असते. २०२३ च्या पावसाळ्यात लोहगडाच्या वाटेवर शेकडो पर्यटक काही तास अडकून पडले होते.

लोहगडच का?...

तो दोन्ही शहरांना सोयीचा आहे आणि वरपर्यंत पायऱ्या असल्याने नवख्यांनाही झेपतो. त्यात जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला. लोहगड त्यांपैकी एक.

कोंडी नेमकी कशामुळे?...

गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओलांडून गडावर जावे लागते. वाट वळणे घेत चढते आणि खालच्या वळणांवर वरच्या बुरुजांची नजर असते. शत्रूला एकदम मोठ्या संख्येने वर येता येऊ नये, हाच त्यामागचा हेतू. ही रचना आजही चोख काम करते. फक्त समोर शत्रूऐवजी सेल्फी काढणारे असतात. दुपारी उतरणारे आणि उशिरा पोहोचलेले एकाच दरवाजात समोरासमोर येतात, मागचे रेटतात आणि पायाखाली शेवाळलेला दगड असतो. नाशिकजवळच्या हरिहरवर तर कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर हा पेच होतो. तिथे थांबायलाही जागा नाही.

बंदीने प्रश्न सुटेल?...

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. अशा दुर्घटनांनंतर प्रतिबंधात्मक आदेश निघतात. पूर्वी ते कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. धबधब्याबाबत ते पटण्यासारखे आहे. वर डोंगरात पाऊस वाढला की खालचे पाणी काही मिनिटांत चढते. तिथे दहा माणसे असोत की हजार, धोका तोच. किल्ल्यावरचा हा धोका मात्र संख्येतून येतो. दोन्ही ठिकाणांना एकाच आदेशात बसवणे प्रशासनाला सोपे जाते, इतकेच.

मग पर्याय काय?...

साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून दिलेली असते आणि ऑनलाइन नोंदणी होते. लोहगडावर हे तुलनेने सोपे आहे, कारण वर जाण्याचा मुख्य मार्ग एकच. पायथ्याशी मोजणी, ठरावीक वेळेनंतर वर सोडणे बंद आणि दरवाजांपाशी चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना आळीपाळीने वाट, एवढे केले तरी कोंडी बरीच सुटेल.

गावकऱ्यांचे काय?...

पिठलं-भाकरी, चहा, भाजलेले कणीस यांवर पायथ्याच्या लोहगडवाडीतल्या अनेक घरांची पावसाळ्याची कमाई चालते, तीही मुख्यतः शनिवार-रविवारी. सरसकट बंदीचा पहिला फटका त्यांनाच. मोजणीचे काम आणि त्याचे शुल्क याच गावाकडे दिले, तर नियम पाळला जाण्याची शक्यता वाढेल. तोवर ज्यांना रजा मिळते, त्यांनी मधल्या वारी भल्या सकाळी चढून दुपारच्या आत खाली उतरलेले बरे.