मनाशीं बोलावें कसें?

संमेलनांतील वक्तृत्वाच्या चढाओढीचा प्रसंग आमच्या वाचकांस परिचित आहे. नांव पुकारलें जातें. विद्यार्थी व्यासपीठावर चढतो. आठ दिवस घोकून मुखोद्गत केलेलें भाषण दोन वाक्यें सुरळीत चालतें आणि तिसऱ्या वाक्यापाशीं जीभ टाळूला चिकटते. मागच्या बाकांवरून कोणी तरी खुदकन हंसतें आणि तो बिचारा मान खालीं घालून जागेवर परत येतो. त्या क्षणीं त्याच्या मनांत कोणते शब्द उमटत असतील? 'माझ्या हातून कांहींच व्हावयाचें नाहीं,' हेच ना? आमच्या मतें खरें नुकसान भाषण विसरल्यानें होत नाहीं. तें या वाक्यानें होतें. विसरलेलें भाषण दुसऱ्या दिवशीं आठवतें. हें वाक्य मात्र वर्षानुवर्षें पाठ सोडीत नाहीं.

मनुष्य दिवसभर स्वतःशीं बोलत असतो. तेव्हां बोलावें कीं न बोलावें हा प्रश्न नसून, कसें बोलावें हा प्रश्न आहे. महाराष्ट्राला हा विचार नवा नाहीं. समर्थ रामदासांनीं 'मनाचे श्लोक' रचिले ते मनालाच उद्देशून. या २०५ श्लोकांत ते मनाला सज्जन म्हणून हांक मारतात, त्याची समजूत घालतात, प्रसंगीं त्याला दटावतातही. परंतु नालायक ठरवून त्याला वाऱ्यावर सोडीत नाहींत.

अलीकडील मानसशास्त्रज्ञही याच वाटेवर येऊन पोहोंचले आहेत. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. ऐन वेळीं भाषण करण्यास सांगितलें असतां, 'मी, मी' असा विचार करणाऱ्यांपेक्षां स्वतःला नांवानें किंवा 'तूं' म्हणून संबोधणाऱ्यांचें भाषण अधिक चांगलें झालें, व मागाहून त्यांना रुखरुखही कमी लागली, असें त्यांत आढळून आलें. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, मित्राची अडचण आपणांस स्वच्छ दिसते व तिच्यावर उपायही सुचतो. स्वतःच्या अडचणींत मात्र आपण गुरफटून जातों. स्वतःला 'तूं' म्हटलें म्हणजे आपणच आपले मित्र होतों.

मात्र एवढ्यावरून 'मी शूर आहें, मी हुशार आहें' असा जप करीत बसावें, असें आमचें म्हणणें नाहीं. कॅनडांतील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड व त्यांचे सहकारी यांच्या २००९ सालच्या संशोधनांत, ज्यांचें स्वतःविषयींचें मत मुळांतच हलकें होतें त्यांना 'मी प्रेमास पात्र आहें' अशा अर्थाचें वाक्य पुन्हां पुन्हां म्हणावयास लाविलें. परिणाम उलटा झाला. त्यांना अधिकच वाईट वाटूं लागलें. मन मूर्ख नाहीं. खोटी स्तुति त्याला तात्काळ ओळखूं येते.

म्हणून मनाशीं बोलावयाचें तें खरें बोलावें. 'तुला भीति वाटत नाहीं' असें म्हणूं नये. 'तुझी छाती धडधडत आहे खरी; तरी पहिलें वाक्य तुला येतें. तेवढें म्हण,' असें म्हणावें. 'तुला शंभरांपैकीं शंभर गुण मिळतील' यापेक्षां 'अशीं तीन उदाहरणें तूं काल सोडविलीं आहेस. तीं आधीं घे' या शब्दांनीं अधिक धीर येतो. अर्थात् हें वाक्य खरें ठरावें यासाठीं काल तीं उदाहरणें सोडविलेलीं असावीं लागतात! अभ्यासावांचून आत्मविश्वास म्हणजे पायावांचून भिंत होय.

महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत आपली फजिती लपविलेली नाहीं. १८९१ सालीं बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत पहिल्याच खटल्यांत ते उलटतपासणीस उभे राहिले; पण डोकें गरगरूं लागलें आणि एकही प्रश्न सुचेना. काम दुसऱ्या वकिलाकडे सोंपवावें लागलें. तेच गांधी १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील प्रिटोरिया येथें हिंदी व्यापाऱ्यांसमोर व्यापारांतील सचोटीवर बोलले. हें आपल्या आयुष्यांतील पहिलें जाहीर भाषण म्हणतां येईल, असें ते लिहितात. विषय जिव्हाळ्याचा होता आणि त्याची तयारी त्यांनीं केलेली होती.

आतां पालकांस दोन शब्द. मूल आधीं इतरांशीं बोलतें, नंतर मोठ्यानें स्वतःशीं बोलतें, आणि पुढें तेंच बोलणें मूकपणें मनांत चालतें, असें रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. म्हणजे मुलाच्या मनांतला आवाज घरांतल्या आवाजांतूनच घडतो. 'तुझ्या डोक्यांत कांदेबटाटे भरले आहेत,' 'शेजारचा मुलगा पाहा,' हे शब्द आपण रागाच्या भरांत बोलतों व सायंकाळपर्यंत विसरून जातों. मूल विसरत नाहीं. प्रश्नपत्रिका हातीं पडतांच त्याला तेच शब्द ऐकूं येतात, आणि तें समजतें कीं हें आपलेंच मन बोलत आहे. आम्ही शिक्षकही या दोषांतून मुक्त नाहीं. आमच्या लाल शाईच्या शेऱ्यांतूनही असेच आवाज जन्मतात. यास्तव मुलानें स्वतःशीं जसें बोलावें असें आपणांस वाटतें, तसें आपण प्रथम त्याच्याशीं बोलावें. आणि भीतीमुळें त्याची झोंप किंवा अन्न तुटलें असेल, तर नुसत्या उपदेशावर न विसंबतां डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांत लाज ती कसली?

विद्यार्थिमित्रहो, पुढील संमेलनांत तुमचें नांव पुकारलें जाईल. कदाचित् तिसरें वाक्य पुन्हां विसरेल. तेव्हां स्वतःला हळूच म्हणा, 'विसरलास खरा. पण चौथें तुला येतें.' आणि जे मागच्या बाकांवर बसले असतील, त्यांनीं कृपा करून हंसूं नये.