आळस नव्हे, एमएस!

‘दिसायला तर ठणठणीत, मग लोळते कशाला?’ गडबच्या माझ्या नातेवाईक मंडळींनो, हे आता पुरे! ताप असता तर थर्मामीटरवर दिसला असता. मल्टिपल स्क्लेरोसिस तसा दिसत नाही. आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचं आवरण कुरतडते. मग एका डोळ्याला धूसर दिसतं, पाय बधिर होतो, तोल जातो, लघवी आवरत नाही. आणि थकवा? रात्रभर झोपूनही न उतरणारा! आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात हे सगळं वाढतं, अंग गार झालं की ओसरतं. म्हणून मी दुपारी पंख्याखाली असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे. सरकारला पटलं, घरच्यांना का पटू नये? नजर उतरवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे जायच्या दिवशी सोबत या.