डोंगर चढत गेलेली शाळा

1 जुलै हा नंदुरबार जिल्ह्याचा वाढदिवस. 1998 साली धुळ्यातून सहा तालुके वेगळे काढून हा जिल्हा झाला. दरवर्षी या सुमारास जमाखर्च मांडला जातो: रस्ते किती झाले, महाविद्यालये किती निघाली, 2020 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे कसे चालले आहे. मांडायलाच हवा. पण त्या वहीत एक नोंद हमखास सुटते, ती नर्मदाकाठच्या जीवनशाळांची. वयाने त्या जिल्ह्याहूनही थोरल्या आहेत.

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडितात महाराष्ट्राची 33 गावे आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. या धरणाविरुद्ध लढणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनाचे कार्यकर्ते या गावांतून फिरू लागले तेव्हा अनेक ठिकाणी शाळा दप्तरी होती, गावात नव्हती. गुरुजींचे दर्शन झेंडावंदनापुरते. तेव्हा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी, निमगव्हाण अशा गावांनी आपली शाळा आपणच उभी केली, तीच जीवनशाळा. जागा गावाची, लाकूड-बांबू गावाचे, राबणारे हात गावाचे. शिकवायला त्याच पाड्यांवरची, चार इयत्ता शिकलेली तरुण पोरे. पाडे डोंगरधारांवर विखुरलेले, म्हणून मुलांनी शाळेतच राहायचे. सुरुवात पावरी-भिलोरी या घरच्या बोलींतून, मग हळूहळू मराठी.

शाळेची वाढ आपण खोल्या, तुकड्या आणि पटसंख्येत मोजतो. जीवनशाळांची वाढ मीटरमध्ये मोजावी लागते, तीही पाण्याच्या. 1993 च्या पावसाळ्यात बुडितातल्या मणिबेली गावात पाणी शिरले. पुढे धरणाची भिंत टप्प्याटप्प्याने चढली: 2006 साली 121.92 मीटर, मग दरवाजांसह 138.68. त्या पातळीपर्यंत जलाशय 2019 च्या सप्टेंबरमध्ये प्रथमच भरला. इकडे पाणी वर येणार म्हणजे काय, तर आधी कौले उतरवायची, फुटू न देता एकावर एक रचायची. मग कुडाचे बांबू सोडवायचे, खांब उपटायचे. फळा, पातेली, धान्याची पोती डोक्यावर-खांद्यावर घेऊन चढण चढायची आणि वर सपाट जागा सापडेल तिथे पुन्हा खांब रोवायचे. हे सारे ऐन पावसात, पायाखाली चिखल असताना. सरकारी इमारत बुडाली तर नव्या इमारतीचा प्रस्ताव जातो. इथे प्रस्ताव पाठवायला वेळ नव्हता आणि पाठवायचा तरी कोणाकडे?

या शाळांवर एक आक्षेप नेहमी येतो: त्या आंदोलनाच्या शाळा आहेत, मुले मोर्चात दिसतात. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मुलाच्या हाती पाटीआधी घोषणा देऊ नये, असे आम्हालाही वाटते. पण ज्याचे घर, शेत आणि शाळा एकाच पाण्याखाली जाते, त्या मुलाला त्या पाण्याविषयी वर्गात बोलू द्यायचे नाही, ही कसली तटस्थता? आणि आंदोलन नसते तर तिथे कोणाची शाळा असती, याचेही उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.

खरी उणीव दुसरीच आहे. जीवनशाळा प्राथमिकच्या पुढे जात नाही. चौथीनंतर मुलाला आश्रमशाळा गाठावी लागते. तिथे भाषा बदलते, शिक्षक बाहेरचा असतो, घर दिवसभराच्या वाटेवर राहते. गळती सुरू होते ती इथे. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 64.38 टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. देशातला पहिला आधार क्रमांक 2010 साली याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला. माणसाला क्रमांक द्यायला दिल्ली टेंभलीपर्यंत आली. पाड्यावर गुरुजी टिकवायला मात्र धडगाव या अक्राणीच्या तालुक्याच्या गावापासूनचे अंतरही फार वाटते!

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले, तेव्हा त्याचे नवे पाऊल म्हणून कौतुक झाले. नर्मदाकाठच्या झोपडीत ते पाऊल कधीच पडले होते. मग शिक्षण विभागाने तिथल्या गुरुजींना बोलावून विचारायला काय हरकत होती, की पावरी बोलणाऱ्या मुलाला मराठी जोडाक्षर तुम्ही कसे शिकवता? तीस वर्षांचा तो अनुभव धडगावच्या प्रशिक्षण वर्गांत यायला हवा. पाचवी ते आठवीचे वर्गही काठावरच्या एखाद्या गावी, घराजवळ निघायला हवेत. आणि शिक्षक स्थानिक हवा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातली शिक्षकभरती न्यायालयीन वादात वर्षानुवर्षे रेंगाळली. 2024 मध्ये मानधनावरच्या तात्पुरत्या नेमणुकांचा मार्ग काढण्यात आला. त्या कायम कधी होणार, हे यंदाच्या वर्धापनदिनी पालकमंत्र्यांनी सांगावे.